भिंतीखालचा पाइप

मलाकीने पाइपाच्या टोकाला सोल्यूशन लावलं, एल्बोच्या, म्हणजे कोपऱ्याच्या जोडाच्या आत लावलं, पाइप आत सारून पाव वळसा फिरवला, आणि नेमकी तेव्हाच घंटा झाली.

आमच्या गावची घंटा म्हणजे विलायती फणसाच्या झाडाला टांगलेला रिकामा गॅस सिलिंडर. सांजवेळी त्यावर लोखंडाचा तुकडा आपटला, की जो जिथे असेल त्याने तिथेच बसायचं, प्रार्थना म्हणायची, आणि पुन्हा घंटा होईपर्यंत जागचं हलायचं नाही.

"सोडू नकोस, ताई," मलाकी हळूच म्हणाला. "अर्धा मिनिट धरून ठेवावं लागतं. सोडलंस तर जोड मागं सरकतो."

"अरे, घंटा झाली."

"मग धरूनच गुडघे टेक."

आम्ही दोघं झऱ्याकाठच्या चिखलात गुडघे टेकून बसलो, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. मोठ्या झालेल्या बहीणभावांनी जवळ बसू नये अशी आमची रीत आहे. पाइप सहा हात लांब होता, त्यामुळे रीतही सांभाळली गेली. मी हलक्या आवाजात प्रार्थना म्हटली, त्याने आमेन म्हटलं. शेवटी एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर हा टक लावून जोडाकडे बघत होता.

"डोळे उघडे ठेवून प्रार्थना करतोस?"

"जोडासाठीच करत होतो. मग बघायला नको?"

मलाकी माझ्या पाठचा. अठ्ठावन्न वर्षांचा. बावीस वर्षं तो ऑकलंडला दूध पावडरीच्या कारखान्यात होता. या टाकीतलं दूध त्या टाकीत न्यायचं, त्यासाठी पाइप जोडायचे, पंप सांभाळायचे, हेच त्याने केलं. बायको तिकडेच वारली. मग तो दोन पेट्या घेऊन परत आला. लहान पेटीत कपडे आणि मोठीत पान्हे. मूलबाळ नाही, पदवी नाही. आमच्याकडे ज्याला घराण्याची पदवी मिळते तो मताई, आणि गावच्या सभेत बोलायचा हक्क फक्त मताईंचा. पदवी नसलेला माणूस साठीला टेकला तरी कडेला बसून आवाच्या मुळ्यांचं पेय घोटतो आणि वाट्या भरून फिरवतो. त्याला काही सांगायचंच असेल तर त्याच्या वतीने गावचे वक्ते सांगतात.

आमचे वक्ते लोआगा. जेवताना मीठ मागायचं झालं, तरी त्यांची सुरुवात या बेटाला लागलेल्या पहिल्या होडीपासून होते.

ऑकलंडला राहणाऱ्या आमच्या लोकांनी वर्गणी काढून गावाला पंप पाठवला. समुद्राकाठी काळ्या खडकांत गोड पाण्याचा झरा आहे. ओहोटीला पाणी गोड असतं, भरतीला त्यात समुद्र मिसळतो. तिथून वर देवळाशेजारच्या टाकीपर्यंत आम्ही बायका बादल्या वाहायचो. शहरातल्या कंपनीची माणसं पंप बसवायला यायला तयार होती, पण मलाकी म्हणाला, मी बसवतो. सभा भरायच्या आधी त्याने लोआगांना बाहेर गाठून सांगितलं, "काका, पाइप मिळाले तर शनिवारपर्यंत होईल. बहुतेक."

लोआगा सभेत काठीवर भार देऊन उभे राहिले. अर्धा तास बोलले. शेवटी म्हणाले, "शनिवारच्या सांजघंटेपर्यंत टाकीत पाणी पडलं नाही, तर मलाकी आपले पान्हे उचलेल, आला त्याच विमानात बसेल, आणि हे गाव त्याचं तोंड पुन्हा पाहणार नाही."

सगळे मताई म्हणाले, शाबास.

मलाकीच्या हातातली वाटी कलंडता कलंडता राहिली. सभा उठल्यावर त्याने लोआगांना गाठलं.

"काका, मी असं कुठं म्हणालो?"

"तू बहुतेक म्हणालास. बहुतेक हा शब्द सभेत उभा राहत नाही. मी त्याला पाय दिले."

"ते पाय मला विमानाकडे नेतायत."

"मग पाणी आण," लोआगा म्हणाले आणि जेवायला गेले.

सभेत उच्चारलेला शब्द आमच्याकडे मागे घेता येत नाही, तो दुसऱ्याने तुमच्या तोंडी घातलेला असला तरी. गावात लोक हसले. मलाकीही हसला. पण दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे भाजलेला तारोचा कंद घेऊन गेले, तेव्हा तो पान्हे मापाप्रमाणे लावून पेटीत ठेवत होता. ऑकलंडला त्याचं कुणी उरलं नव्हतं. जाऊन राहणार कुणाकडे, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

त्यात जागेचा घोळ झाला. मलाकीला पंप झऱ्यालगत, सपाट खडकावर हवा होता. पण थोरले मताई उलुमाले यांना ते पटेना. "आपल्या लोकांनी एवढ्या लांबून पाठवलेली वस्तू चिखलात ठेवायची? तिथं डुकरं लोळतात. पंप माझ्या पाहुणेघराशेजारी बसेल. आल्यागेल्याला दिसला पाहिजे."

पाहुणेघर आणि झरा यांच्यामध्ये काळ्या दगडांची कमरेएवढी भिंत आहे. डुकरांनी तारोच्या वाफ्यात शिरू नये म्हणून उलुमालेंच्या वडिलांनी ती रचली. चुन्याशिवाय, मातीशिवाय, नुसते दगडावर दगड. तिच्यातला एक दगड कुणी हलवला, तर एक डुकरीण आणि माशांच्या डब्यांची दहा खोकी दंड. नियम बदलायचा तर पूर्ण सभा बसायला हवी, आणि ती शनिवार उलटल्यावर, सोमवारी. म्हणून ठरलं, की झऱ्यातून येणारा पाइप भिंतीवरून जाईल, भिंत उतरेल आणि पंपाला लागेल.

"भिंतीवरून नाही जमणार, काका," मलाकीने लोआगांना सांगितलं.

"का? पाणी देवळापर्यंत डोंगर चढणार, आणि कमरेएवढी भिंत चढणार नाही?"

"डोंगर पंपाच्या पुढं आहे. पुढं पंप ढकलतो, तिथं कितीही चढ दे. भिंत मागं आहे, मागं तो ओढतो. ओढायचा पाइप आखूड पाहिजे, रुंद पाहिजे, आणि झऱ्यापासून पंपापर्यंत सारखा चढत गेला पाहिजे. मध्ये एक जरी उंचवटा आला, तरी हवा जाऊन तिथं बसते. हवेचं असंच आहे. सगळ्यात उंच जागा बघून बसायचं. एकदा बसली की उठायचं नाव नाही. स्वतः काम करत नाही आणि दुसऱ्याला पुढं जाऊ देत नाही."

लोआगांनी पाहुणेघराकडे पाहिलं. उंच चौथऱ्यावर, एकेका खांबाला पाठ टेकून सात मताई दुपारचे बसले होते.

"हे मी सभेत सांगणार नाही," लोआगा म्हणाले.

"मी हवेबद्दल बोलतोय."

"तू हवेबद्दल बोलशील. ऐकणारे दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकतील."

आणि सभेत त्यांनी सांगितलं, की मलाकीच्या मते भिंत फार सुरेख आहे.

मग मलाकीने पाइप भिंतीवरूनच नेला. हाताखाली मीच होते. गावातले बाकीचे पुरुष देवळाकडे चढणाऱ्या पाइपासाठी चर खणत होते. मला पान्ह्यांचे आकडे कळायला लागले होते, पण जोडण्याच्या तुकड्यांपाशी आम्ही अडायचो. त्या तुकड्यांना कारखान्यात जी नावं आहेत, ती नर आणि मादी यांवरून आहेत, हे मला फार नंतर कळलं. बहिणीसमोर असं बोलणं म्हणजे आमच्याकडे भावाने तोंड लपवावं अशी गोष्ट. मलाकी कान लाल करून म्हणायचा, "ताई, तो दे. बाहेरून आटे असलेला. नाही, तो नव्हे. ज्याच्यात दुसरा बसतो तो. म्हणजे, पिशवीतला डावीकडचा दे." दोन दिवस मी डावीकडचा आणि उजवीकडचा देत राहिले.

झऱ्यात बुडणाऱ्या टोकाला त्याने फूट व्हॉल्व्ह बसवला. त्यातून पाणी वर येतं, परत खाली जात नाही. त्यावर जाळी बांधली, कारण झऱ्यात हातभर लांब वाम मासे आहेत. पंपाच्या तोंडाशी रुंद पाइप अरुंद करणारा तुकडा बसवला. तो वरून सपाट आणि खालून तिरका होता. लोआगांनी तो काठीने दाखवून विचारलं, "हे वाकडं का?"

"वाकडंच असतं. सपाट बाजू वर, म्हणजे हवेला बसायला जागा नाही."

"पाहुण्यांच्या डोळ्यांना बरं दिसत नाही. उलटं फिरव."

"काका, मी तुमचं भाषण उलटं फिरवतो का?"

लोआगांनी काठी मागे घेतली.

शुक्रवारी ओहोटीला पंप सुरू केला. अर्धं गाव टाकीपाशी होतं, अर्धं भिंतीपाशी. मलाकीने आधी पंपाच्या डोक्यावरचं बूच काढून आत पाणी ओतलं, पाइप भरून घेतला, मग बटण दाबलं. पंप घुमला. वरून कुणीतरी ओरडलं, आलं. मी मनात आभार मानायला लागले. दहा श्वास झाले असतील नसतील, पंपाचा आवाज हलका झाला, रिकाम्या डब्यात खडे हलवावेत तसा. वरून पाण्याऐवजी फुसफुस यायला लागली. मलाकीने पंप बंद केला, पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा सुरू केला. पुन्हा दहा श्वास. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी चर खणणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "मलाकी, विमानात खिडकीची जागा माग. तिथून गाव दिसतं."

सगळे हसले. पाइप भिंतीवरून डुकराच्या पाठीसारखा वर येऊन खाली उतरला होता. मलाकीने त्या पाठीवर हात ठेवला.

"इथं बसलीय," तो म्हणाला.

उलुमाले चौथऱ्यावरून म्हणाले, "भिंत माझ्या वडिलांनी रचलीय. मरताना म्हणाले होते, दगड हलवू देऊ नकोस. दुसरं काय ते सांग, मलाकी, देतो."

ते माणूस म्हणून वाईट नाहीत. वडिलांचा शब्द होता, दुसरं काय करणार. मलाकी मान खाली घालून म्हणाला, "काही नको, थोरले." त्या संध्याकाळी त्याने घरामागे पाइपाचा एक लांब सरळ तुकडा कापला, दोन्ही टोकांना आट्यांचे जोड चिकटवले आणि वाळत ठेवला.

शनिवारी पहाटे मी माझा अध्याय वाचून पुस्तक मिटलं, तर मलाकी दाराबाहेर उभा.

"ताई, आईची बारीक चटई आहे ना?"

ती चटई आईने साडेतीन वर्षं विणली. कापडासारखी मऊ आहे, काठाला लाल पिसं आहेत. अशी चटई लग्नाला देतात, मरणाला देतात. आणि आणखी एकदाच बाहेर काढतात. एखाद्याकडून मोठा गुन्हा घडला, की तो अशी चटई डोक्यावरून घेऊन ज्याचा अपराध केला त्याच्या दारासमोर बसतो. बोलत नाही, हलत नाही. समोरच्याने येऊन चटई उचलली तर क्षमा झाली. नाही उचलली तर त्याने काहीही करावं. याला इफोगा म्हणतात. माझ्या हयातीत आमच्या गावात एकच झाला होता, आणि तो माणूस मारल्याबद्दल.

"मलाकी, काय केलंस तू?"

"अजून काही नाही. दुपारी बाराला करणार आहे. बाराला ओहोटी आहे."

मी पुस्तक खाली ठेवलं.

"तीन दगड," तो म्हणाला. "अगदी तळाचे. वरची भिंत हलणार नाही, मी बघून ठेवलंय. पाइप खालून सरळ जाईल."

"दंड भरून टाक ना. डुकरीण मी देते."

"दंड नियमाचा झाला. थोरल्यांनी बापाला शब्द दिलाय. तो मोडून नुसती डुकरीण पाठवायची का?"

"आणि त्यांनी चटई नाही उचलली तर?"

"मग पान्हे भरलेलेच आहेत."

मी पेटी उघडून चटई दिली. क्षमा आधी मागावी की गुन्हा आधी करावा, हे देवळातल्या पाळकांना विचारावं असं मनात आलं होतं. पण विचारलं तर उत्तर मिळेल, म्हणून विचारलं नाही.

बाराला सगळे मताई पाहुणेघराच्या पलीकडच्या बाजूला जेवायला बसले होते. मलाकीने पहारीने तीन दगड काढले आणि एकावर एक नीट रचून ठेवले. भिंतीवरचा पाइप सोडवला, सरळ तुकडा खालून सारला, दोन्हीकडचे जोड आवळले, पंपात पाणी ओतलं. जाताना एक सपाट दगड फटीशी असा लावला, की डुकराचं पिल्लूही आत शिरणार नाही. हे सगळं मताईंचं जेवण उरकायच्या आत झालं. मग तो मला म्हणाला, "ताई, बटण तू दाब. पंपावरचा व्हॉल्व्ह आधी बंद ठेव, मग सावकाश उघड. आवाज जड झाला की समज पाणी धरलं. हलका झाला तर बंद कर, आणि मला काही सांगू नकोस."

तो पाहुणेघरासमोरच्या खडीवर मांडी घालून बसला आणि चटई डोक्यावरून घेतली.

उलुमालेंच्या हातात माशाचा घास होता. तो तिथेच राहिला. त्यांच्या सूनबाईंनी चटई पाहिली आणि रडायलाच लागल्या. कोण गेलं, कोण गेलं, करत माणसं धावत आली. लोआगा तोंड न पुसताच आले.

"कुणाला मारलं यानं?" उलुमालेंनी विचारलं.

चटईखालच्या माणसाने बोलायचं नसतं. मी पंपाशेजारून म्हणाले, "थोरले, त्यानं दगड हलवला."

"दगड. कुणाच्या डोक्यात?"

"कुणाच्याच नाही."

"मग मेलं कोण?"

"कुणी नाही, थोरले. भिंतीतला दगड. तीन."

उलुमाले भिंतीकडे गेले, वाकून पाहिलं, भोकातून गेलेला पाइप पाहिला, रचलेले तीन दगड मोजले. परत येऊन चटईसमोर उभे राहिले. तोंडावर राग होता, हसू होतं आणि मासा होता. "तीन दगडांना इफोगा," ते म्हणाले. "माझे वडील असते तर त्यांना हा मान फार आवडला असता." आणि चटईकडे हात केला.

लोआगांनी काठी आडवी धरली. "थोरले, असं कसं? चटई उचलायच्या आधी भाषण झालं पाहिजे. तीन दगडांचं झालं म्हणून काय? रीत ती रीत."

मी बटण दाबलं. दोघांचं बोलणं मला पुढे ऐकू आलं नाही, कारण मी व्हॉल्व्हचं चाक फिरवत होते आणि श्वास मोजत होते. दहा झाले. वीस झाले. पंपाचा आवाज खाली उतरला, जाड झाला, झोपलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा एका सुरात लागला. मी चाक पूर्ण उघडलं. पन्नासाच्या पुढे मी मोजायचं सोडलं.

वर देवळापाशी कुणीतरी टाकीवर चढलं होतं. तिथून हाक आली, आणि ती थांबेना. अंगणातली सगळी माणसं वर धावली, सूनबाई रडतच धावल्या. उलुमाले थोडे घोटाळले, चटईकडे बघून म्हणाले, "मलाकी, बस जरा, आलोच, तुझी चटई मीच उचलणार." आणि म्हाताऱ्या गुडघ्यांनी जमेल तेवढ्या घाईने तेही गेले. लोआगांनी विचार केला की भाषण तिथे करावं, जिथे माणसं आहेत.

मीही शेवटी वर गेले. पाणी टाकीत मनगटाएवढ्या जाड धारेने पडत होतं. पहिला पेला पाळकांना, मग उलुमालेंना, मग बाकीच्या मताईंना, मग बायकांना. लोआगा टाकीच्या पायरीवर उभे राहून तीन दगडांच्या क्षमेचं भाषण करत होते, आणि पहिली होडी नुकतीच किनाऱ्याला लागली होती. माझ्या वाट्याचा पेला मी न पिता खाली घेऊन आले.

अंगणात कुणी नव्हतं. ऊन चटईवर पडलं होतं. पंप चालू होता.

चटईला हात लावायचा हक्क माझा नाही. मी थोडं अंतर ठेवून खडीवर बसले.

"मलाकी. पाणी आणलंय."

चटई हलली नाही. आतून आवाज आला, "ताई, पेला उन्हाकडे धर. बुडबुडे आहेत का बघ."

मी पेला वर धरला. पलीकडचं आभाळ जसंच्या तसं दिसत होतं.

"एकही नाही."

"नीट बघ. काचेच्या कडेला बारीक बसतात."

"कडेलाही नाहीत रे."

मग काठाच्या लाल पिसांखालून त्याचा हात बाहेर आला. बोटांवर सोल्यूशनचे पांढरे पापुद्रे वाळले होते. मी पेला हातात दिला. तो आत गेला, आणि बराच वेळ नुसता पिण्याचा आवाज येत राहिला.

वरून वाऱ्याबरोबर लोआगांचे शब्द येत होते. ते उलुमालेंच्या पणजोबांपर्यंत पोचले होते.

"जाऊन सांगू का, आवरा म्हणून?" मी विचारलं.

"नको," मलाकी चटईखालून म्हणाला. "होऊ दे सावकाश. इथनं पंप चांगला ऐकू येतोय."